सात गडी, तीस सेकंद

अमेरिकन फुटबॉल जळगाव-धुळ्याच्या वाचकाला कागदावर समजावून सांगणे कठीण आहे. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही सरकता आले तर चेंडू समोरच्याच्या हाती, आणि त्यावर दंडांची भलीमोठी यादी. हा खेळ भारतात आणण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता. 2011 मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची घोषणा झाली, 2012 मध्ये पहिला हंगाम झाला, त्यात ‘पुणे मराठाज’ आणि ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ असे आपल्याकडचे संघही होते. माइक डिट्का आणि कर्ट वॉर्नर यांच्यासारखी त्या खेळातली मोठी नावे पाठीशी उभी होती. तरीही खेळ इथे रुजला नाही. माझ्या मते, अनोळखी प्रेक्षकासमोर अख्खे नियमपुस्तक एकदम ठेवले की तो दाराशीच थबकतो. हाच खेळ आर्केड पद्धतीच्या व्हिडिओ गेममध्ये मात्र कुणालाही दोन मिनिटांत कळतो. हे कसे होते, ते कबड्डीवर जीव असलेल्या प्रत्येकाने नीट पाहावे असे मला वाटते.

मिडवे कंपनीचा ‘एनएफएल ब्लिट्झ’ 1997 मध्ये आला. त्याचा कर्ता मार्क टर्मेल. बास्केटबॉलवरचा ‘एनबीए जॅम’ त्याने त्याआधी केलेला होता. ब्लिट्झमध्ये अकराचे सात गडी झाले, दहा यार्डांचे तीस यार्ड झाले, दंड जवळपास पुसून टाकले आणि सामन्याचा एकेक चतुर्थांश दोन मिनिटांवर आणला. त्याही आधी, टेक्मो या जपानी कंपनीच्या ‘टेक्मो बोल’ने घरच्या यंत्रासाठी नऊ-नऊ गडी ठेवले होते. आक्रमण करणाऱ्याने चार डावांपैकी एक निवडायचा, बचाव करणाऱ्याने तो ओळखायचा. ओळखला तर आक्रमणाचा धुव्वा. एवढ्या एका युक्तीत त्या खेळाचा प्राण आहे, कारण अमेरिकन फुटबॉल मुळात डाव लपवण्याचा आणि डाव ओळखण्याचा खेळ आहे. काय काढून टाकायचे हे ज्याला कळले, त्याला तो खेळ कळला. आणि हे काम एका जपानी कंपनीने केले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता कबड्डीकडे पाहा. इथे गडी मुळातच सात. चढाई तीस सेकंदांची. पुरुषांचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद. अमेरिकन फुटबॉलचे शंभर यार्ड पडद्यावर दाखवायचे तर चित्र सारखे सरकवत न्यावे लागते, कबड्डीचे मैदान मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही अंगांसह पूर्ण मावते. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड साधली तर जादा गुण. सगळा संघ बाद केला की लोण. आर्केडच्या कारागिराला जे मुद्दाम घडवावे लागते, ते आपल्या मातीतल्या खेळात आयतेच आहे. टेक्मोची युक्तीही जशीच्या तशी बसते: चढाईपटूने ठरवायचे की बोनस घ्यायचा, डाव्या कोपऱ्यावर पाय टाकायचा की उजव्या, बचावाने ठरवायचे की घोटा धरायचा, मांडी धरायची की साखळी करून दाबायचे. प्ले स्टोअरवर कबड्डीच्या नावाचे खेळ आहेत, पण ही झुंज बोटांना जाणवेल असा एकही माझ्या मते अजून झालेला नाही.

यावर एक आक्षेप खेळाच्या जाणकारांकडून येईल. खेळ छाटला की त्याचा अपमान होतो, दाखवायचा तर पूर्ण दाखवा. या आक्षेपामागे मोठे नाव उभे आहे. आपल्या नावाच्या गेममध्ये प्रत्येक बाजूला पूर्ण अकरा खेळाडू हवेत, हा प्रशिक्षक जॉन मॅडन यांचा आग्रह होता. त्या काळच्या यंत्रांना ते झेपत नव्हते, म्हणून गेमला काही वर्षे उशीर झाला आणि तो 1988 मध्ये आला. मॅडन यांचा हट्ट चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. ती मालिका आजही चालू आहे. पण तिचा ग्राहक खेळ आधीपासून जाणणारा आहे. नवख्याला आत आणण्याचे काम छोट्या, वेगवान गेमनेच केले. 2020 मध्ये आलेला ‘रेट्रो बोल’ हा ठोकळेबाज चित्रांचा मोबाइल गेम त्याचा ताजा दाखला. शिवाय प्रत्यक्ष मैदानावरही हेच घडते आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकन फुटबॉल जाणार आहे तो फ्लॅग फुटबॉलच्या रूपात, पाच-पाच गड्यांचा.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो अधिक गंभीर आहे. मुले मैदानावर यायला हवीत, तुम्ही त्यांच्या हाती आणखी एक गेम कशाला देता? आक्षेपामागची काळजी खरी आहे. पण खान्देशातल्या एप्रिल-मेची दुपार ध्यानात घ्या. पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना कोणतेही मूल मैदानावर नसते, मोबाइल मात्र हातात असतो आणि त्यावर बंदुका चालत असतात. त्या वेळेत पकड आणि चढाई त्याच्या डोक्यात घोळली, तर संध्याकाळी ऊन उतरल्यावर मैदानावर जाण्याचे एक कारण तरी त्याला मिळते. हिंसेबाबत मात्र सवलत नको. ब्लिट्झमध्ये डाव संपल्यावरही पडलेल्या खेळाडूला आपटता येत असे. खऱ्या खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींची चर्चा वाढली, आणि 2012 च्या नव्या आवृत्तीतून तो प्रकार काढून टाकला गेला. कबड्डीत पंचाची शिट्टी वाजली की पकड सुटते. गेममध्येही ती सुटलीच पाहिजे.

उरला परवान्याचा प्रश्न. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या मोठ्या लीगचे गेमसाठीचे हक्क 2004 च्या अखेरीस ईए या एकाच कंपनीकडे गेले. तेव्हा मिडवेने 2005 मध्ये काल्पनिक संघ घेऊन ‘ब्लिट्झ: द लीग’ काढला. म्हणजे मोठ्या लीगचा परवाना नसला तरी गेम होतो. आपल्याला अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री, पाचोरा हे संघ पुरेसे आहेत. आणि समालोचन अहिराणीत हवे, यावर मी ठाम आहे. ब्लिट्झ आणि एनबीए जॅम लोकांच्या कानात राहिले ते टिम किट्झरो यांच्या आवाजामुळे. चढाईपटू निसटताना ‘उना, उना… गया रे भो!’ असा आवाज आला, तर धुळ्याच्या पोराला तो गेम आपला वाटेल, आणि जी भाषा बोलायला आज कॉलेजातली मुले संकोचतात ती पडद्यावरून ताठ मानेने ऐकू येईल.

हे करायला मुंबई-पुण्याची वाट पाहण्याची गरज नाही. जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बांभोरी, शिरपूर आणि धुळे इथली अभियांत्रिकी महाविद्यालये दरवर्षी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट करून घेतात. गेम बनवण्याची युनिटी, गोडो यांसारखी साधने विद्यार्थ्यांना फुकट मिळतात. प्राध्यापकांना माझी विनंती आहे: यंदा विषय वाटताना निदान एका गटाला कबड्डी द्या. आणि त्या गटाला संगणकासमोर बसवण्याआधी आठवडाभर एखाद्या कबड्डी प्रशिक्षकाबरोबर मैदानावर पाठवा.