काळाचा घाला आणि वाक्याचा कर्ता

अठरा वर्षांच्या मुलीच्या कारकिर्दीविषयी कसे लिहावे? म्यूरिएल फुरर ही स्विस सायकलपटू २७ सप्टेंबर २०२४ रोजी गेली, तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे.

ती माउंटन बाइकिंग करी, सायक्लो-क्रॉस खेळे आणि रस्त्यावरच्या शर्यतींतही उतरे. सायक्लो-क्रॉस ही हिवाळ्यातली, चिखल-गवतातून जाणारी शर्यत. सायकल चालवणे अशक्य झाले की ती खांद्यावर घेऊन धावायचे. २६ सप्टेंबरला झुरिच येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, कनिष्ठ गटातील मुलींच्या रस्ता-शर्यतीत, पावसाने भिजलेल्या जंगलातल्या उतारावर ती पडली. डोक्याला गंभीर इजा झाली होती. ती पडल्याचे बराच वेळ कोणाच्या ध्यानातच आले नाही. त्या स्पर्धेत खेळाडूंना रेडिओ वापरण्याची मुभा नव्हती. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात तिचा अंत झाला.

अशा वेळी आपली लेखणी सवयीने लिहून जाते : ‘क्रूर काळाने घाला घातला’, ‘उमलण्याआधीच कळी खुडली गेली’. या रूपकांनी दुःखाला आकार मितो हे खरे. शोकाच्या पहिल्या क्षणी हिशेब मागणे अनेकांना अशोभनीयही वाटेल. परंतु वाक्याचा कर्ता ‘काळ’ झाला, की प्रश्न विचारायला समोर कोणी उरत नाही. आदल्याच वर्षी, जून २०२३ मध्ये, जिनो मेडर हा स्विस सायकलपटू त्याच देशातील शर्यतीत घाटाच्या उतारावर कोसळून मरण पावला होता. त्याही वेळी दोष काळालाच द्यायचा काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये किगाली येथील जागतिक स्पर्धेत खेळाडूंचा ठावठिकाणा कळवणारी जीपीएस यंत्रे वापरली गेली. त्या यंत्राने म्यूरिएल वाचली असती, असा दावा कोणी करू नये. पण कोणीतरी ‘ती कुठे आहे हे आपल्याला का कळले नाही?’ असे विचारले, म्हणून ते यंत्र आले. त्या वाक्यात काळ कर्ता नाही, ‘आपण’ आहोत.

साहित्याच्या वर्गात मृत्युलेख शिकवताना एवढे तरी तपासावे, असे मला वाटते. आणि तिला कळी म्हणू नये. चिखलातून सायकल खांद्यावर वाहणारी, देशासाठी जागतिक स्पर्धेत उतरलेली ती खेळाडू होती. तेवढ्याला कारकीर्द म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.