टोपणनाव नको, नाव बदला!

सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन हा अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. 2006च्या सुमारास त्याची सभासदसंख्या एक कोटी साठ लाखांवर होती. आता ती एक कोटी तीस लाखांच्याही खाली उतरली आहे. नावातले ‘सदर्न’ ठेवायचे की काढायचे, हा वाद या पंथात कित्येक पिढ्या चालू आहे. ‘जुने नाव आहे, राहू द्या,’ असे म्हणणाऱ्यांनी ते आले कुठून हे आधी पाहावे.

1844 साली जॉर्जियातील बाप्टिस्टांनी जेम्स रीव्ह यांना मिशनरी म्हणून नेमावे, अशी मागणी होम मिशन सोसायटीकडे केली. रीव्ह गुलाम बाळगत होते. सोसायटीने नेमणूक केली नाही. त्याच सुमारास अलाबामाच्या बाप्टिस्टांनी परदेशी मिशनच्या मंडळाला थेट विचारले: गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो का? उत्तर नकाराचे आले. मे 1845मध्ये ऑगस्टा शहरात दक्षिणेतल्या मंडळ्या जमल्या आणि वेगळ्या झाल्या. बाप्तिस्मा कसा द्यावा, पवित्र शास्त्राचा अर्थ कसा लावावा, यावरून ही फूट पडली नव्हती. माणसे विकत घेणाऱ्याला सुवार्ता सांगायला पाठवायचे की नाही, यावरून पडली होती. ‘सदर्न’ हे नाव त्या फुटीची खूण आहे.

हे कुणा विरोधकाने रचलेले नाही. 1995मध्ये, स्थापनेला दीडशे वर्षे झाली तेव्हा, अटलांटाच्या अधिवेशनात पंथाने स्वतः ठराव करून गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल माफी मागितली. 2018च्या डिसेंबरात पंथाच्या लुइव्हिल येथील सेमिनरीने स्वतःचा इतिहास तपासून अहवाल छापला. सेमिनरीच्या चार संस्थापकांकडे मिळून पन्नासहून अधिक गुलाम होते, हे त्यात नोंदलेले आहे. पापाची कबुली देऊन झाली, पण त्या पापापोटी घेतलेले नाव मात्र दारावर तसेच आहे.

बदलाचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 1974मध्ये समिती नेमली गेली, नाव राहिले. 2004मध्ये इंडियानापोलिसच्या अधिवेशनाने या प्रश्नाचा नुसता अभ्याससुद्धा नाकारला. 2011मध्ये अध्यक्ष ब्रायंट राइट यांनी जिमी ड्रेपर यांच्या नेतृत्वाखाली अभ्यासगट नेमला. दक्षिणेबाहेर नवी मंडळी उभारणाऱ्या पाळकांना हे नाव अडसर ठरते, हे गटाने मान्य केले. तरीही खर्च आणि कायद्याची गुंतागुंत पुढे करून त्याने मधला मार्ग सुचवला: कायदेशीर नाव तेच राहील, ज्याला हवे त्याने ‘ग्रेट कमिशन बाप्टिस्ट’ म्हणवून घ्यावे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूने शिष्यांना दिलेल्या आज्ञेवरून हे नाव घेतले होते. जून 2012मध्ये न्यू ऑर्लिन्सला मतदान झाले. बाजूने 2,446, विरुद्ध 2,232. एका ऐच्छिक टोपणनावासाठी एवढी चुरस!

त्याच अधिवेशनात फ्रेड लूटर अध्यक्ष झाले, पंथाच्या इतिहासातले पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. ज्यांच्या पूर्वजांना मालमत्ता मानणाऱ्यांनी हा पंथ स्थापन केला, त्या समाजातल्या पाळकाच्या हाती पंथाने आपले नेतृत्व दिले. ही मोठी गोष्ट होती. मग त्याच सभागृहात, त्याच प्रतिनिधींनी नावापाशीच का अडावे?

खर्चाची सबब टिकणारी नाही. याच पंथाच्या फॉरेन मिशन बोर्डाचे 1997मध्ये इंटरनॅशनल मिशन बोर्ड झाले, संडे स्कूल बोर्डाचे 1998मध्ये लाइफवे झाले, निवृत्तिवेतनाच्या ॲन्युइटी बोर्डाचे 2004मध्ये गाइडस्टोन झाले. पाट्या बदलल्या, कागदपत्रे बदलली, कामे चालू राहिली. उत्तरेतल्या बाप्टिस्टांनी तर 1950मध्ये ‘नॉर्दर्न’ सोडून ‘अमेरिकन’ घेतले आणि 1972मध्ये पुन्हा नाव बदलले.

याहून मोठा त्याग महाराष्ट्राच्या भूमीवर घडला आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा ख्रिस्ती पंथांनी आपापली नावे सोडली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केले. त्यात अँग्लिकन होते, मेथडिस्ट होते आणि बाप्टिस्टही होते. त्यांच्या नावांना गुलामगिरीचा डाग नव्हता, तरी ऐक्यासाठी त्यांनी ती सोडली. अमेरिकेतल्या बाप्टिस्टांपुढे तर त्याहून निकडीचे कारण आहे.

‘प्रत्येक मंडळी स्वतंत्र आहे, तिला हवे ते नाव ती लावते,’ असेही सांगितले जाते. ते खरेच आहे, आणि म्हणूनच हट्ट आणखी निरर्थक ठरतो. 2020मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अमेरिका ढवळून निघाली असताना, तेव्हाचे अध्यक्ष जे. डी. ग्रीअर यांनी ‘ग्रेट कमिशन बाप्टिस्ट’ या नावाचा आग्रह धरला. 2021च्या नॅशव्हिल अधिवेशनाचे घोषवाक्यही त्यावरच होते. ग्रीअर यांची स्वतःची मंडळी ओळखली जाते ‘समिट चर्च’ म्हणून. खाली मंडळ्यांनी जे केव्हाच सोडले, ते वर कन्व्हेन्शनने कवटाळून धरले आहे.

नाव पुसले तर इतिहासही पुसला जाईल, ही भीती मात्र प्रामाणिक आहे. तिला उत्तर दिलेच पाहिजे. 1845ची सनद, ऑगस्टाची इतिवृत्ते, 1995चा माफीनामा आणि 2018चा अहवाल नाव बदलल्याने नाहीसे होत नाहीत. ते सेमिनरीत शिकवता येतात, शिकवायलाच हवेत.

मार्ग अवघड आहे, पण स्पष्ट आहे. पंथाची घटना बदलायची तर लागोपाठच्या दोन वार्षिक अधिवेशनांत दोन-तृतीयांश मते लागतात. 2012मध्ये टोपणनावाच्या बाजूने निम्म्याहून थोडीच जास्त मते पडली, तेव्हा त्यापुढची मते कृष्णवर्णीय पाळकांनी एकट्याने गोळा करावीत अशी अपेक्षा ठेवू नये. दक्षिणेतल्या मोठ्या, जुन्या, गोऱ्या मंडळ्यांच्या पाळकांनी नावबदलाची घटनादुरुस्ती स्वतः मांडावी आणि पहिले अनुमोदनही त्यांच्यातूनच यावे.