जुना संगणक आणि घरातील अबोला

गेल्या वैशाखात आम्ही ग्वाल्हेरास गेलो होतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली जेथे आपल्या फौजेचा तळ दिला, तेथेच पुढे लष्कर हे शहर वसले. त्या लष्करातील टोपी बाजारात एका मराठी कुटुंबाकडे आमचा मुक्काम होता. मंडळी मोठी प्रेमळ. परंतु त्या दिवशी घरात बापलेकांचा अबोला होता, आणि त्यास कारण कोपऱ्यातला जुना संगणक!

तेरा वर्षांचा मुलगा सुट्टीत पुण्याच्या आतेभावाबरोबर संगणकावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळे. हल्ली तो खेळ अडखळू लागला होता. वडिलांचे म्हणणे, “खेळून खेळून यानेच यंत्र बिघडविले.” दुकानदाराने तर “हे टाकून द्या, नवे घ्या” असा निकालच दिला होता. घरात पैसे होते ते आजींच्या मोतीबिंदूसाठी राखलेले. आजी म्हणाल्या, “माझे डोळे दिवाळीनंतर पाहू. पोराचे मन मोडू नका.” हे ऐकून आम्हांस स्वस्थ बसवेना.

आम्ही मुलास एवढेच विचारले, “बाळ, खेळ आरंभापासूनच मंद असतो की मागाहून होतो?” तो म्हणाला, “काका, पहिली पंधरा-वीस मिनिटे छान चालतो, मग अडखळतो.” निम्मे निदान येथेच झाले. आरंभापासून मंद असेल तर यंत्राची शक्ती अपुरी किंवा तिच्यावर दुसरा भार आहे असे समजावे. मागाहून मंद होत असेल तर प्रथम उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर साधारणपणे ९० ते १०० अंश सेल्सियसपर्यंत तापला, की जळू नये म्हणून आपली गती आपणच कमी करतो. तो आळस नव्हे, आत्मरक्षण होय.

संगणकाची पेटी भिंतीतल्या कोनाड्यात पाठ टेकून ठेवलेली होती. गरम हवेस बाहेर पडावयास वाटच नव्हती. त्यात ग्वाल्हेरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जाणारा आणि बाजाराची धूळ! वीज बंद करून, तार काढून आम्ही पेटी उघडली. पंख्याखालच्या पत्र्यांत धुळीची जणू गादीच बसलेली होती. पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ ब्रशाने व हातपंपाच्या हवेने ती काढली. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती; ती पुसून नवी लावली. पेटी कोनाड्यातून काढून मेजावर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवली. कूलरचा ओलसर झोत तिच्यावर येणार नाही हेही पाहिले.

मग कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला. स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, अवघी ४ जीबी. आणि खेळ चालू असता मागे ब्राउझरची अनेक पाने उघडी! रॅम भरली की संगणक हार्ड डिस्कवर सामान ठेवू लागतो, आणि ती फारच मंद. ती पाने बंद केली. खेळातील चित्राचा आकार १९२० गुणिले १०८० होता, तो १२८० गुणिले ७२० केला. पहिल्यात २०,७३,६०० ठिपके, दुसऱ्यात ९,२१,६००. म्हणजे चित्र रंगविण्याचे काम निम्म्याहूनही कमी झाले. सावल्यांची सजावटही उतरविली.

त्या सायंकाळी मुलगा तासभर खेळला. चित्र पूर्वीइतके रेखीव नव्हते, पण अडखळणे थांबले होते. खर्च झाला तो केवळ लेपाच्या नळीचा.

वाचकांस दोन सूचना. “संगणक वेगवान करू” म्हणणारे फुकटचे प्रोग्राम घरात घेऊ नयेत. त्यांतून बहुधा नवाच उपद्रव येतो. आणि खर्च करावयाचाच तर विचारपूर्वक करावा. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास संगणक व खेळ लवकर सुरू होतात. पण दर सेकंदास दिसणाऱ्या चित्रांची संख्या तेवढ्याने सहसा वाढत नाही. तीसाठी ग्राफिक्स कार्ड, व रॅम अपुरी असेल तर रॅम पाहावी. हे सर्व करूनही नवा खेळ चालत नसेल, तर तो खेळच त्या यंत्रासाठी नाही, हे मुलास समजावून सांगावे.

रात्री जेवताना वडील मुलाकडे न पाहताच म्हणाले, “उद्या मलाही दाखव, कशी असते ती तुझी शर्यत.” आजींनी काही न बोलता दोघांच्याही पानात तूप वाढले. त्यांच्या डोळ्यांसाठीचे पैसे कपाटात होते तसेच राहिले. यंत्र बिघडले की आपण आधी माणसास बोल लावतो. त्याऐवजी आधी एक प्रश्न विचारावा आणि मग पेटी उघडून पाहावी, हे बरे.