डिव्हिडंड कुणाच्या खात्यात?

'लोकसंख्या हीच भारताची ताकद' हे वाक्य ज्या स्लाइडवर असतं, तिच्यावर बहुतेक वेळा चार हसऱ्या तरुणांचा फोटो असतो आणि त्यातल्या एकाच्या हातात हमखास लॅपटॉप असतो. गेल्या पाच-सहा वर्षांत मी ही स्लाइड निदान पन्नास वेळा बघितली असेल. कंपनीच्या टाउनहॉलमध्ये, क्लायंटपुढच्या प्रेझेंटेशनमध्ये, मित्राच्या स्टार्टअपच्या पिचमध्ये... १४० कोटी लोक, त्यातले निम्मे साधारण तिशीच्या आतले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे एप्रिल २०२३ मध्ये आपण चीनलाही मागे टाकलं. पुढच्या स्लाइडवर 'प्रचंड बाजारपेठ' आणि त्याच्या पुढच्या स्लाइडवर किती पैसे हवेत तो आकडा.

मी खानदेशातला. जळगाव जिल्ह्यात वाढलो, इंजिनिअरिंग तिकडेच केलं, नोकरी अर्थातच पुण्यात. त्यामुळे अशी स्लाइड आली की मी मनातल्या मनात 'इंडिया' खोडतो, तिथे 'जळगाव आणि धुळे' लिहितो आणि गणित जुळतं का ते बघतो. सांगायचं तर फारसं जुळत नाही.

आकड्यांत आम्ही कमी नाही. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्हा ४२ लाख ३० हजारांच्या आसपास होता आणि धुळे साडेवीस लाख. दहा वर्षांत जळगाव सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं, धुळे २० टक्क्यांनी. त्या साली जळगाव जिल्ह्याएवढीच लोकसंख्या असलेला एक अख्खा देश म्हणजे क्रोएशिया, जो २०१८ मध्ये फुटबॉल वर्ल्डकपची फायनल खेळला. (आमच्याकडे फुटबॉल खेळायला ग्राउंड कुठे आहे विचारू नका.) म्हणजे माणसं आहेत. पण नुसती माणसं असली की बाजारपेठ होते, हे ज्याने पहिल्यांदा ठरवलं त्याने बहुधा दुपारी दोन वाजता धुळ्याच्या बस स्टँडवर उभं राहून बघितलं नसावं. गर्दी भरपूर असते. खिसे कमी असतात.

या सगळ्या प्रकाराला इंग्रजीत 'डेमोग्राफिक डिव्हिडंड' म्हणतात. डिव्हिडंड म्हटलं की आम्हा खानदेशी लोकांना एकच गाव आठवतं, ते म्हणजे अमळनेर. २९ डिसेंबर १९४५ ला तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी सुरू झाली. मोहम्मद हाशम प्रेमजींची. शेंगदाण्याचा मुलूख, तापी खोऱ्यातली रेल्वे दारात, त्यामुळे कारखाना वनस्पती तुपाचा आणि जोडीला '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण. गावातल्या लोकांनी शेअर घेतले होते. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून २१ वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डमधलं शिक्षण सोडून परत आले. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी विप्रोत इंटरव्ह्यू दिलेला असतो. कंपनी कॉम्प्युटरमध्ये उतरली, सॉफ्टवेअरमध्ये उतरली, आणि अमळनेरच्या ज्या घरांनी ते कागद विकले नाहीत, ती बोनस आणि स्प्लिट होता होता कोट्यधीश झाली.

या गोष्टीतला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या बंगळुरात गेल्या, अमळनेरला मिळाल्या नाहीत. डिव्हिडंड मात्र अमळनेरला मिळत राहिला. कारण साधं आहे, शेअर त्यांच्या नावावर होते.

माणसांच्या डिव्हिडंडचं असं होत नाही. मूल आमच्याकडे जन्मतं, आमच्याकडे शिकतं, केळीच्या किंवा कापसाच्या पैशातून त्याची फी भरली जाते. बाविसाव्या वर्षी ते ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बसून पुण्याला येतं. मग त्याचं भाडं पुण्यात, फ्लॅटचा हप्ता पुण्यात, हॉटेलिंग पुण्यात. जळगावला ते आखाजीला आणि लग्नाला जातं. पुण्याच्याही आधी आमची माणसं सुरतेला जायची, आजही जातात. उधना, लिंबायत भागात हिंडलात तर अहिराणी इतकी ऐकू येते की आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होतं. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीचे खासदार आहेत, २०१९ ला पावणेसात लाखांच्या वर मताधिक्याने निवडून आले, पुढे गुजरात भाजपचे अध्यक्ष आणि केंद्रात मंत्री झाले. पक्ष बाजूला ठेवा. एका जिल्ह्याने बाहेर किती माणसं पाठवली असतील, याचा अंदाज त्यावरून करा.

आता कुणी म्हणेल, मग इकडेच उद्योग काढा ना! काढलेत की. जळगावात डाळ मिल आहेत, पीव्हीसी पाइप आहेत, प्लास्टिकच्या चटया आहेत, सोनं तर आहेच. सगळ्यात मोठं नाव भवरलाल जैन यांचं. १९६३ मध्ये घरचे सात हजार रुपये घेऊन रॉकेल विकण्यापासून सुरुवात. १९७८ मध्ये केळीची पावडर करणारा बंद पडलेला कारखाना विकत घेतला आणि त्यात पपईच्या चिकापासून पेपेन काढायला सुरुवात केली. मग पाइप, मग ठिबक, मग टिश्यू कल्चरची केळीची रोपं. त्यातलं एकही पाऊल 'इथे चाळीस लाख लोक आहेत' म्हणून टाकलेलं दिसत नाही. केळीला पाणी फार लागतं आणि आमच्याकडे ते पुरत नाही, ही अडचण होती. धंदा त्या अडचणीतून निघाला. नंतर ती कंपनी जगभर पसरली, कर्जात अडकली, २०१९ च्या सुमारास हप्ते थकले, २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा धंदा रिव्हुलिसमध्ये विलीन करावा लागला. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायला माझ्यापेक्षा एखादा सीए बरा. पण गावात पाइप आणि नळ्या जोडता येणारी हजारो माणसं तयार झाली, ती कुठे गेली नाहीत.

धुळ्याची गोष्ट थोडी उलटी. तिथे जागा आहे, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते गावातच एकमेकांना छेदतात. नकाशावर बघितलं तर वाटतं, गोदामांचं गाव व्हायला आणखी काय हवं? पण ट्रक येतो, चहा पितो, जातो. रेल्वे अजून चाळीसगावचा फाटा आहे तेवढीच. मनमाड-इंदूर मार्गाचं नाव धुळेकर पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेत. केंद्राने तो मंजूर केला २ सप्टेंबर २०२४ ला, ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटी. तो झाला तर धुळ्याचं नशीब खरंच पालटेल असं मला वाटतं, आणि मी सहसा अशा गोष्टींना भुलत नाही.

असो. इथवरचं सगळं कुणीही लिहिलं असतं. मला ज्या आकड्यामुळे हा लेख लिहावासा वाटला तो वेगळाच आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या. २००१ मध्ये हाच आकडा ८८० होता. महाराष्ट्राची २०११ ची सरासरी ८९४. निसर्गाच्या हिशोबाने हजार मुलांमागे साधारण ९५० मुली जन्मायला हव्यात. म्हणजे दर हजारामागे शंभराच्या वर मुली नाहीतच. आणि त्या साली राष्ट्रपती भवनात जळगावच्याच प्रतिभाताई पाटील होत्या, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. असा योग कादंबरीत लिहिला तर संपादक खोडून टाकेल.

गर्भलिंगनिदानाच्या विरोधातला कायदा १९९४ चा. तरीही पुढची सतरा वर्षं आकडा उतरतच गेला. लोकसंख्येतून 'बिझनेस अपॉर्च्युनिटी' शोधणाऱ्यांनी ही पण नोंद करावी, की त्या काळात आमच्या भागात लोकसंख्येशी संबंधित जो धंदा खरोखर जोरात चालला असणार, तो सोनोग्राफीच्या बंद दाराआडचा. मागणी होती, पैसे होते, पुरवठा झाला. मार्केट म्हणतात ते हेच.

२०११ ला शून्य ते सहा वर्षांची असलेली ती मुलं आता शाळा-कॉलेजात आहेत, त्यातली मोठी काही नोकरीला लागली. खरी टंचाई त्यांच्या लग्नाच्या वेळी दिसेल. पण आताच काय परिस्थिती आहे बघा. माझा एक मावसभाऊ आहे, बत्तीस वर्षांचा. केळीची शेती, ठिबकच्या सामानाचं दुकान, महिन्याला माझ्यापेक्षा जास्त कमावतो. चार वर्षं मुलगी शोधतायत. मुलीकडचे लोक पहिला प्रश्न विचारतात, 'पुण्यात फ्लॅट आहे का?' शेवटी मावसाजींनी शेताचा एक तुकडा विकून पुण्यात फ्लॅट बुक केला. त्या फ्लॅटमध्ये राहणार कोण ते कुणालाच माहीत नाही. मागच्या आखाजीला मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या ऑफिसात कोणी असली तं सांग रे भो. जातीचं आपण नंतर पाहू." ज्या घरात पत्रिका, पोटजात, मामाकुळ तपासल्याशिवाय चहाचा कप पुढे येत नव्हता, तिथे हे वाक्य!

माझे मित्र यावर म्हणतात, मुलींचे नखरे वाढलेत. मला हे अजिबात पटत नाही. ती मुलगी बी.ई. झाली असेल, एम.एस्सी. झाली असेल. तिच्या शिक्षणाला साजेशी नोकरी यावल-रावेरात नाही, आणि लग्नाआधी पुण्यात एकटं राहायला घरचे सोडत नाहीत. मग पुण्याला जायचा तिच्यापुढे मोकळा असलेला एकच रस्ता म्हणजे पुण्याचा नवरा. तिने फ्लॅट विचारला तर काय चुकलं? मी तिच्या जागी असतो तर पार्किंगही विचारलं असतं.

म्हणून खानदेशात कुणी मला धंदा सुचवायला सांगितला तर मी मॉल सांगणार नाही. केळी सांगेन, पण शीतगृह, पॅकिंग आणि निर्यातीच्या बाजूने. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तोवर निर्यातीत सोलापूरवाले पुढे सरकायला लागले होते. आमची केळी अजून मुख्यतः उत्तरेच्या बाजारावर अवलंबून आहे. दुसरा धंदा म्हाताऱ्यांचा. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आला आहे. मुलं पुण्यात, अमेरिकेत, आणि जळगावच्या रिंग रोडवरच्या बंगल्यात दोन माणसं आणि एक कुत्रा. त्यांना दवाखान्यात नेणारं, बँकेचं काम करून देणारं, नळ दुरुस्त करून देणारं विश्वासाचं कुणीतरी हवंय आणि मुलं त्याचे पैसे द्यायला तयार आहेत. मी स्वतः देईन.

तिसरा धंदा आपल्याच क्षेत्रातला, आणि सगळ्यात गंभीरपणे मी हाच सांगतो. २०२० आणि २०२१ मध्ये आपल्यातले कितीतरी जण जळगाव, भुसावळ, शिरपूरहून काम करत होते. इन्व्हर्टर घेतला, दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, रिलीज झाल्या, क्लायंटला पत्ता लागला नाही. मग एखादी कंपनी जळगावात पन्नास खुर्च्यांचं ऑफिस का काढत नाही? मॅनेजरांशी बोललो तर उत्तरं ठरलेली. टॅलेंट मिळणार नाही, विमान नाही, लोक सोडून जातील. पहिलं उत्तर चूक आहे, माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुली आज जळगाव-धुळ्यात घरी किंवा एखाद्या कोचिंग क्लासमध्ये आहेत, आणि त्यातल्या दोघींचा कोड माझ्यापेक्षा स्वच्छ असायचा. दुसरं आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. तिसरं तर हास्यास्पद, कारण जळगावात ती नोकरी सोडून जायचं कुठे?

अशा एका ऑफिसात पंचवीस मुली नोकरीला लागल्या, तर त्यांच्या गल्लीत पुढची मुलगी जन्मताना घरचे जो हिशोब करतात तो थोडा बदलेल, असा माझा अंदाज आहे. पुराव्याने सिद्ध करता येणार नाही. पण आमच्याकडे मुलीचा हिशोब नेहमी खर्चाच्या बाजूलाच लिहिला गेलाय, आणि जमेच्या बाजूला काही दिसल्याशिवाय नुसत्या भिंतीवरच्या घोषणांनी तो बदललेला मी पाहिलेला नाही.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ ची येते आहे. आकडे आले की बातम्यांत एकूण लोकसंख्या येईल, पुन्हा चीनशी तुलना होईल, स्लाइड नव्याने बनतील. मी आधी जळगावचं शून्य ते सहाचं कोष्टक उघडणार आहे. एक्सेलची शीट तयार आहे, ८८० आणि ८४२ च्या शेजारी एक कॉलम रिकामा ठेवलाय.