रागाची रिहर्सल

“शांततेनं काय होतं गं? एकदा दणका दिला की सगळे सुतासारखे सरळ येतात!”

परवा एका मैत्रिणीच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हा डायलॉग ऐकला. कुणाच्या तरी मोबाइलवर अमेरिकेतला व्हिडिओ सुरू होता. एक पोलीस, एक कृष्णवर्णीय मुलगा, धक्काबुक्की. टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा सँडविचकडे वळले. मी गप्प. कारण हाच डायलॉग मी स्वतः एकदा मारलाय, तोही चारचौघांत, लेखी!

गोष्ट मे २०२०ची. लॉकडाऊन, मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला, दिवसभर घरात आणि हातात फोन. २५ मे रोजी मिनिआपोलिसमध्ये डेरेक शॉव्हिन नावाच्या गोऱ्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला. फ्लॉइड गेला. तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा बघवेना. तीन दिवसांनी तिथलं पोलीस स्टेशन लोकांनी पेटवलं. तो फोटो मी स्टेटसला लावला आणि खाली ठोकून दिलं, ‘हेच हवं होतं!’

अर्ध्या तासात माझ्या मावसभावाचा फोन. दादा आयटीवाला, राहायला तिथेच. म्हणाला, “आमच्या नेहमीच्या रस्त्यावरची दुकानं जळाली. त्यातली कित्येक बाहेरून आलेल्या, काळ्या-सावळ्या लोकांचीच. खिडकी उघडली की घरात धूर येतोय. तुझं स्टेटस वाचलं. ये, इथे उभी राहून म्हण.”

मी भांडले. म्हटलं, “दादा, माणूस मेलाय आणि तुला दुकानांची पडलीय?” तो शांतपणे म्हणाला, “दोन्हीची पडलीय. आज सगळे चॅनल फक्त दुकानं दाखवतायत, हाच प्रॉब्लेम आहे.”

फोन ठेवला, पण ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

उत्तर सापडलं चार वर्षांनी, आणि कुठे, तर आमच्या नागपुरात! जून २०२४मध्ये जेम्स लॉसन नावाचे एक अमेरिकन पाद्री वयाच्या ९५व्या वर्षी वारले. त्यांच्यावरचा लेख चाळताना एका ओळीवर थबकले. हा माणूस १९५३ ते १९५६ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होता. हिस्लॉप! माझे बाबा जिथे शिकले ते! त्याआधी कोरियन युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला म्हणून या गृहस्थानं तुरुंगवास भोगला होता. मग मिशनरी म्हणून तो नागपुरात आला आणि मुलांना शिकवता शिकवता गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करू लागला. डिसेंबर १९५५मध्ये त्यानं ‘नागपूर टाइम्स’मध्ये बातमी वाचली, की अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकलाय आणि त्यांचा पुढारी मार्टिन ल्यूथर किंग नावाचा एक तरुण पाद्री आहे. आपण सिव्हिल लाइन्समध्ये बसून ज्याचा अभ्यास करतोय, ते आपल्याच देशात सुरू झालंय!

१९५७मध्ये दोघं भेटले. दोघंही २८ वर्षांचे, म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचे. किंग म्हणाले, थांबू नका, लगेच दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला गेले. आणि तिथे त्यांनी जे केलं, ते वाचून माझ्या डोक्यातला ‘शांतता’ या शब्दाचा अर्थच बदलला.

त्या काळातल्या नॅशव्हिलच्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांना मोजे घेता यायचे, शर्ट घेता यायचा. पैसे चालायचे. पण त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसून सँडविच मागितलं, तर ‘तुम्हाला इथे मिळणार नाही’. (महाडचं चवदार तळं आठवलं ना? मलाही.) लॉसन यांनी कॉलेजच्या मुलामुलींना चर्चमध्ये जमवलं आणि चक्क वर्कशॉप सुरू केलं. भाषणं कमी, रिहर्सल जास्त. निम्मी मुलं गोऱ्या गुंडांचा रोल करायची. शिव्या द्यायची, खुर्ची ओढायची, अंगावर धावून जायची. उरलेल्यांनी हात उगारायचा नाही, उलट बोलायचं नाही. पडलात तर डोकं कसं वाचवायचं, मित्राला मार बसत असेल तर मध्ये कसं पडायचं, सगळं शिकवलेलं. आपण प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री जेवढी तयारी करतो, त्याच्या कितीतरी पट तयारी या पोरांनी मार खायची केली होती!

१३ फेब्रुवारी १९६०ला ही मुलं नीटनेटके कपडे करून काउंटरवर जाऊन बसली. २७ फेब्रुवारीला गोऱ्या पोरांच्या टोळक्यानं त्यांना स्टुलांवरून खाली ओढलं, मारलं, अंगावर सिगारेटी विझवल्या. पोलीस आले. अटक कुणाला? बसलेल्यांना! ८०च्या आसपास विद्यार्थी आत गेले. पण एक तुकडी उचलली की दुसरी येऊन बसायची, दुसरी उचलली की तिसरी. कोर्टानं ५० डॉलर दंड ठोठावला. मुलं म्हणाली, दंड भरणार नाही, तुरुंगात जातो. दुसरीकडे कृष्णवर्णीय घरांनी बाजारात खरेदीच बंद केली. ऐन ईस्टरच्या सीझनमध्ये दुकानं ओस पडली.

म्हणजे बघा, यात ‘जाऊ दे, सहन करू’ असं काहीच नव्हतं. धंद्याच्या गळ्यालाच हात घातला होता. फक्त तो हात कुणाच्या अंगावर पडला नाही.

१९ एप्रिलला पहाटे या मुलांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. लूबी पती-पत्नी वाचले, पण समोरच्या मेडिकल कॉलेजच्या शंभरावर काचा फुटल्या. आता सांगा, यानंतर रस्त्यावर जाळपोळ झाली असती तर कुणी नवल केलं असतं? त्याच दिवशी हजारो लोक सिटी हॉलकडे निघाले. घोषणा नाहीत, काही नाही, फक्त पावलांचा आवाज. पायऱ्यांवर २१ वर्षांच्या डायन नॅशनं महापौर बेन वेस्ट यांना विचारलं, नुसत्या रंगावरून माणसामाणसांत भेद करणं तुम्हाला योग्य वाटतं का? सगळ्यांसमोर महापौरांना ‘नाही’ म्हणावं लागलं. १० मे रोजी सहा काउंटर सगळ्यांसाठी खुले झाले.

हातात दगड असता, तर महापौरांना दगडाबद्दल बोलता आलं असतं. दगडच नव्हता, त्यामुळे प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं. दादा फोनवर हेच तर सांगत होता!

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, फार गोड गोष्ट आहे. ज्याच्या मानेवर गुडघा आहे, त्याला शांत राहा म्हणून सांगणाऱ्या तुम्ही कोण? एकदम मान्य. ज्यांचं कुणी ऐकत नाही त्यांची भाषा म्हणजे दंगल, असं खुद्द किंगही म्हणाले होते. आणि शांत राहिलं की मार बसत नाही, असंही नाही. नॅशव्हिलच्या त्याच वर्कशॉपमधला जॉन लुईस. १९६५मध्ये सेल्माच्या पुलावर पोलिसांच्या दंडुक्यानं त्याची कवटी फुटली. पण ती दृश्यं टीव्हीवर सगळ्या देशानं पाहिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. पुढे लुईस ३० वर्षांहून जास्त काळ अमेरिकन संसदेत बसला. २०२०च्या जुलैमध्ये तो गेला, फ्लॉइडनंतर दोनच महिन्यांनी.

आणि फ्लॉइडच्या केसमध्ये काय झालं? पोलिसांच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. वैद्यकीय कारणानं मृत्यू, एवढंच. ते खोटं पाडलं एका १७ वर्षांच्या मुलीनं. ती फुटपाथवर उभी राहिली, फोन धरला आणि शेवटपर्यंत शूट करत राहिली. एप्रिल २०२१मध्ये शॉव्हिन दोषी ठरला, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्यात जळालेलं पोलीस स्टेशन कामाला आलं नाही. तिचा न हललेला हात आला. सगळं सुधारलं का? अजिबात नाही. फ्लॉइडच्या नावानं आणलेलं पोलीस सुधारणेचं विधेयक कनिष्ठ सभागृहात पास झालं आणि पुढे अडकलं ते अडकलंच. लढाई बाकी आहे. म्हणूनच तर तयारी हवी.

मी ते स्टेटस कधीच काढलं. पण राग नाही काढला, तो हवाच. न चिडणाऱ्या माणसांनी आजवर एकही काउंटर उघडलेलं नाही. फक्त आपण रागाची ॲक्शन थेट स्टेजवर करतो आणि लॉसन यांची पोरं आधी रिहर्सल करायची, एवढाच काय तो फरक.

परवा कँटीनमध्ये मी गप्प बसले, ते मात्र चुकलंच. पुढच्या वेळी ही गोष्ट सांगणार आहे. आवाज न चढवता. प्रॅक्टिस सुरू आहे!