तलवारीची हौस आहे? मग प्रकाशाची बनवा!

‘तलवारीने केक कापला, गुन्हा दाखल’ ही बातमी वऱ्हाडातल्या वाचकांना आता पाठ झाली आहे. वाढदिवस बदलतो, फोटो तोच. या हौसेला एक बरी वाट आहे, घरी बनवायची इलेक्ट्रॉनिक तलवार. नांदगाव पेठच्या पोरांनी ती धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कल्पना १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ची. चित्रपटातली मूठ जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या दांड्यापासून केली होती, म्हणजे सुरुवातच जुगाडातून. फ्रान्सच्या तलवारबाजी महासंघाने २०१९ मध्ये या तलवारींच्या द्वंद्वाला खेळ म्हणून मान्यताही दिली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीचंच, तेव्हा हे वेड आपल्याला फार परकं नाही.

आत असतं काय?

पात्याच्या जागी एक इंच व्यासाची पॉलिकार्बोनेट नळी. ॲक्रिलिक नको, आपटलं की तुकडे होतात. नळीत पाठीला पाठ लावलेल्या दोन एलईडी पट्ट्या. मुठीत आर्डुइनो नॅनो, हालचाल ओळखणारा एमपीयू ६०५० सेन्सर, आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी, छोटा स्पीकर आणि १८६५० आकाराचा लिथियम सेल. फिरवली की घूं, आदळली की खण्ण. हा सगळा खेळ सेन्सरच्या आकड्यांचा.

खरी परीक्षा विजेची. गावालगत १३५० मेगावॉटचं वीज केंद्र असलं, तरी इथे हिशेब ३.७ व्होल्टचा. मीटरला १४४ एलईडी असलेल्या पट्टीचे ८० सेंटिमीटरचे दोन तुकडे म्हणजे २३० एलईडी. पूर्ण पांढऱ्या उजेडात प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरा, बेरीज होते जवळपास १४ अँपिअर! जुन्या लॅपटॉपमधून काढलेला सेल एवढ्यासाठी बनलेलाच नसतो. तो तापतो, पेटूही शकतो. म्हणून जास्त करंट देणारा नवा सेल घ्या, जाड वायर वापरा, पट्टीची वीज नॅनोतून न नेता थेट सेलवरून घ्या. फक्त निळा किंवा लाल रंग ठेवला तर करंट तिसऱ्या हिश्शावर येतो. चार्जिंग बोर्डाशिवाय सेल मोबाइल चार्जरला जोडू नका. आणि मे महिन्यात तलवार गाडीच्या डिक्कीत विसरू नका, आपला उन्हाळा ठाऊक आहे ना?

पोलिस धरतील का? १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतूनच, खेळण्यापलीकडे उपयोग नसलेल्या वस्तू वगळल्या आहेत. तरी रात्री हायवेवर परजत फिरण्यात शहाणपण नाही.

‘टाइमपास आहे’ असं घरचे म्हणतील. मग शेवटच्या वर्षाला दुकानातून रेडिमेड प्रोजेक्ट आणून व्हायवा देणं काय आहे? मी स्वतः इंजिनिअर. विकतच्या प्रोजेक्टमध्ये बिघाड शोधायची वेळच येत नाही. इथे मात्र पट्टी अर्ध्यात विझली की कारण तुम्हालाच शोधावं लागतं. सुटे इलेक्ट्रॉनिक भाग साधारण दोन हजारांत येतात. महाविद्यालयांनी हा मिनी प्रोजेक्ट म्हणून मान्य करायला हरकत नसावी.

मुठीसाठी ॲल्युमिनिअमची नळी घेऊन लेथवाल्याकडे जा. नुसतं ‘एक इंच’ सांगू नका. २५.४ मिलिमीटरची नळी सहज आत सरकेल इतकी मोकळीक ठेवायला सांगा आणि ती घट्ट धरायला बाजूने एका स्क्रूचं भोक. ड्रॉइंग कागदावर काढून न्या, माप तोंडी राहत नाही.