सव्वा तासाचं विमान, पाच तासांचा प्रवास

पनवेलहून गोवा किती लांब? हायवेने म्हणाल तर पळस्प्यापासून पत्रादेवीपर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या वर. आकाशातून सरळ रेघ मारली तर आपल्या नव्या विमानतळापासून मोपा सुमारे ३७५ किलोमीटर. आणि तिकिटाच्या ॲपवर उत्तर येतं, सव्वा तास! २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली, तेव्हापासून हा सव्वा तास अगदी घरचा वाटू लागलाय.

आता जरा गणित करा. सव्वा तासात ३७५ किलोमीटर म्हणजे ताशी ३००. जेट विमान तर वर गेलं की ताशी आठशेच्या आसपास धावतं. मग बाकीचा वेग गेला कुठे? तिकिटावरची वेळ नुसती हवेतली नसते. विमान गेटवरून हलतं तिथपासून पलीकडे जाऊन उभं राहतं तिथपर्यंतची ती वेळ. रनवेपुढची रांग, चढणं, उतरणं, सगळं त्यातच. वर कंपन्या थोडा वेळ राखूनही ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’! नागपूर बघा. अंतर सुमारे ६७० किलोमीटर, गोव्याच्या जवळपास पावणेदोन पट. वेळ मात्र पंधरा-वीस मिनिटंच जास्त. जवळच्या शहराला जाताना वेग कामी येतच नाही.

खरा वेळ जातो जमिनीवर. समजा, तुम्ही खांदा कॉलनीत राहता आणि पणजीला इंटरव्ह्यू आहे. विमानतळावर पोहोचायला अर्धा तास, तिथे दीड तास आधी, सव्वा तास विमान, बॅग घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि मोपा ते पणजी ३५ किलोमीटर, म्हणजे आणखी तासभर. झाले पावणेपाच! पूर्वी अंधेरीकडच्या विमानतळावर जायचं म्हणजे यात आणखी तास-दीड तास. नव्या विमानतळाने आपला वाचवला तो हाच वेळ. विमान काही जास्त जोरात उडत नाही.

वंदे भारत पावसाळा सोडून पनवेलहून थिवीला साधारण सहा तासांत जाते. कणकवली-सावंतवाडीकडे जायचं असेल तर माझं मत सरळ आहे, रेल्वेच पकडा.

तिकीट काढताना एक बघाच. ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं समोर येऊ शकतात. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. दोन्हींत रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरचं अंतर, आणि ट्रॅफिक वेगळं. शे-पाचशे रुपयांनी स्वस्त तिकीट अंधेरीचं निघालं तर कॅबच ते पैसे खाणार.

स्वस्त विमान बऱ्याचदा भल्या पहाटेचं असतं. सहाचं विमान म्हणजे साडेचारला दारात हजर. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद. रात्रपाळीला विमानतळावर जाणाऱ्या आपल्या पोरापोरींचीही हीच अडचण. त्यामुळे नवीन मार्गांच्या घोषणा होतील तेव्हा कुठल्या शहराला किती मिनिटांत, एवढंच विचारू नका. पनवेल स्टेशनवरून पहाटे साडेतीनला बस आहे का, तेही विचारा.